चंक्रमण : चालण्यातले ध्यान आणि सोपारा

ध्यान म्हटले की पद्मासन, मिटलेले नेत्र आणि निश्चल देह हेच चित्र आपल्या मनात उभे राहते. बौद्ध परंपरेत मात्र बसण्याबरोबर सावकाश चालणे हीदेखील साधनाच होती. पालीत तिला ‘चंकम’ म्हणतात, संस्कृतात ‘चंक्रमण’. या साधनेचे मर्म शोधताना वसई तालुक्यातील सोपाऱ्याचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणले. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत सात बुद्ध व भावी बुद्ध मैत्रेय यांच्या कांस्यमूर्ती होत्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांच्या हाती आला. या लेखाचा विषयच यात्रा हा आहे. पूर्वीचे राजे मृगयेसाठी, मौजेसाठी बाहेर पडत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला गेला आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. श्रमणब्राह्मणांची व वृद्धांची भेट, दान, जनपदातील लोकांना उपदेश आणि त्यांच्याशी धर्मचर्चा, असे त्यांचे स्वरूप होते. राजाचे फिरणे थांबले नाही, फिरण्याचा हेतू पालटला.

चंक्रमणात तर कोठे पोहोचायचेही नसते. ठरावीक अंतर चालायचे, वळायचे, परतायचे. अंगुत्तरनिकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, प्रयत्नाची क्षमता, निरोगीपणा, अन्नाचे पचन आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकणे. आज सावकाश हालचालींच्या ध्यानपद्धती बहुधा आरोग्याच्या नावाने शिकवल्या जातात. त्यात गैर काही नाही. पण या यादीतला शेवटचा लाभ गळाला, तर उरतो तो केवळ व्यायाम. बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात एकाच पावलाचे सहा भाग पाडले आहेत. पाय उचलणे, पुढे नेणे, बाजूस वळवणे, खाली सोडणे, टेकवणे आणि दाबणे. इतक्या बारकाईने पाहू लागले की चालणे दिसते. ‘मी चालतो’ म्हणणारा मात्र सापडत नाही. चंक्रमणाचा आध्यात्मिक गाभा आम्हांस येथे दिसतो.

ही साधना शिकवायची कशी, याचे उत्तर विनयपिटकातील सोणाच्या कथेत आहे. सुकुमार पायांचा हा श्रीमंत तरुण भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या तळव्यांतून रक्त वाहू लागले. साधना सोडून घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. बुद्धांनी त्याला दोष दिला नाही. घरी असताना तू वीणा वाजवीत होतास, तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती सुरात लागते काय, एवढेच विचारले. उत्तर शिष्याच्या अनुभवातच होते. गुरूने ते त्याच्याकडूनच काढून घेतले. कोमलता ही येथे साधनेची सवलत नसून साधनेची अट आहे.

या कोमलतेची कठोर परीक्षा पुण्ण अथवा पूर्ण या भिक्षूच्या कथेत होते. ‘दिव्यावदान’ त्याला शूर्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचा, रहिवासी म्हणते. मज्झिमनिकायानुसार तो सूनापरान्तात जायला निघाला. तेथील लोक उग्र. ते शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, तर काय करशील, असे बुद्धांनी एकेक पायरी चढवत विचारले. प्रत्येक वेळी त्याने, याहून अधिक काही केले नाही हा त्यांचा चांगुलपणाच, असे उत्तर दिले. मरणाचीही त्याने तक्रार केली नाही. मग त्याला अनुज्ञा मिळाली आणि त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका घडवल्या. विद्वत्तेची चौकशी झालीच नाही. पाहिले गेले ते मन कितपत स्थिर आहे एवढेच.

सोण स्वतःशी मृदू व्हायला शिकला, पूर्ण इतरांशी. साहित्याच्या अध्यापकांनी या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात असे आम्हांस वाटते. कठीण ग्रंथाच्या दाराशी विद्यार्थी अडखळतो, तेव्हा त्याची तार किती ताणायची हा प्रश्न आपल्याही पुढे रोज येतोच.