चौदा परस खाली

वैशाखातली दुपार आहे. अंतरवाली सराटीच्या शिवारात एका विहिरीचं काम चाललंय. तुम्ही काठावर उभे राहून आत डोकावता. खाली चार माणसं टोपीएवढी दिसतात. यारीची तार कुरकुरत वर येते आणि दगडांनी भरलेला डबा ढिगाऱ्यावर उपडा होतो.

"उतरायचं का, भाऊ?" यारीवरचे मामा विचारतात. "बसा डब्यात. तार धरा घट्ट. खाली नका बघू, गरगरतं. भिंतीकडं बघा."

तुम्ही बसता आणि भिंतीकडे बघता. आधी दोन-तीन हात काळी माती, त्यात तुरीची वाळलेली मुळं. मग पिवळट मुरूम. मग एक लाल पट्टा, गेरूचा. त्याच्या खाली काळा पाषाण, जिथे पहार आपटली की ठिणगी उडते. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला आणि थिजलेला लाव्हा. तो एकदाच वाहिला नाही, थरावर थर आले. दोन थरांच्या मधे जो निवांत काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून माती झाली. मग पुढच्या लाव्ह्याने ती माती भाजून काढली आणि तिचा हा गेरू झाला. जालन्यापासून सह्याद्रीपर्यंत आणि सह्याद्री उतरून थेट मुंबईच्या समुद्रापर्यंत हेच अंथरूण आहे.

"अजून सोडू का तार?" वरून आवाज येतो.

तुम्ही हो म्हणता. डबा हिसका देतो. अंधार होतो.

उजेड येतो तेव्हा तुम्ही गर्दीत उभे असता. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर. दुपारचे साडेतीन होऊन गेलेत. बँड वाजतोय. समोर चौदा डब्यांची गाडी, पुढे तीन इंजिनं आणि आत सुमारे चारशे पाहुणे. एकवीस तोफा सुटतात आणि गाडी ठाण्याच्या दिशेने हलते. चौतीस किलोमीटरचा रस्ता. तुमच्या शेजारचा माणूस हात जोडतो, त्याच्या पलीकडचा मागे सरकतो. ही रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत नाना शंकरशेट होते. त्यांचं नाव ध्यानात ठेवा, पुढे एका पाटीवर ते पुन्हा भेटणार आहे. आज मात्र मुंबईत जमिनीखाली रेल्वे नेण्याचा विचार कुणाच्या स्वप्नातही नाही.

हिसका. या वेळी अंधार जात नाही.

नाकात सुरुंगाच्या दारूचा वास येतो. १८६१ साल, बोरघाट. रेल्वे आता इथून सह्याद्री चढणार आहे. एक जण पहार उभी धरून प्रत्येक घावानंतर थोडी फिरवतो, दुसरा तिच्यावर घण घालतो. तुमच्या गावात कॉम्प्रेसर येण्याआधी विहिरी अशाच खणल्या जात. भोक पुरेसं खोल झालं की त्यात दारू ठासतात, वात लावतात आणि पळतात. धूर निवळला की दगड उचलायला बायका-पोरं आत येतात. काम भरात असताना या घाटावर चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पंचवीस बोगदे फोडायचे होते. पटकी आली की वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर लवकरच वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुरा करवून घेतला. ही दोन नावं आपल्याला ठाऊक आहेत. पहार फिरवणाऱ्याचं नाव कुठल्या दगडावर नाही.

घाटातली रेल्वे सुरू झाली १८६३ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी १० जानेवारीला लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे धावू लागली होती. त्यांनी बहुतेक ठिकाणी रस्ता उकरला, खाली रूळ टाकले आणि वरून छत घालून रस्ता पूर्ववत केला. इंजिन कोळशाचंच होतं, त्यामुळे भुयारात धूर कोंडून उतारू खोकत बाहेर पडत. एकाच वर्षात तिकडे शहराखालून गाडी गेली, इकडे डोंगराच्या पोटातून. मुंबईच्या भुयारी रेल्वेची आजी शोधायची तर लंडनच्या आधी बोरघाटात जायला हवं. नातीला ज्या दगडाशी झुंजायचं होतं तोच इथे फोडला गेला.

डबा थोडा वर येतो आणि तुम्हाला ओळखीची हवा लागते. १९०० च्या आसपासचं जालना. निजामाच्या मुलखातली नवी मीटरगेज रेल्वे. नाव काय, तर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. तुमचे पणजोबा मुंबईला निघाले असतील तर मनमाडला उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन, मोठ्या रुळांच्या गाडीत चढले असतील. तुमच्या शिवारापासून जवळच वाहणाऱ्या नदीचं नाव रेल्वेला लागल्याचा त्यांना अभिमान वाटला असेल की नाही कोण जाणे. तेच नाव पुढे एकदा भुयारात उतरणार आहे.

पुढची वर्षं भराभर जातात. १९२५ मध्ये विजेवरची पहिली लोकल. १९६४ च्या ३१ मार्चला रात्री शेवटची ट्राम, निरोप द्यायला दुतर्फा माणसं. १९८४ मध्ये कलकत्त्याने देशातली पहिली भुयारी मेट्रो सुरू केली, २००२ मध्ये दिल्लीची मेट्रो धावू लागली. मुंबई मात्र लोकलच्या दाराला लटकत राहिली. तिथे रेल्वेच्या वाटा उत्तर-दक्षिण पळतात. काळबादेवी, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, सीप्झ ही ठिकाणं त्यांच्यापासून लांब पडली. वर जागा उरली नव्हती. काळबादेवीच्या गल्लीत हातगाडी आडवी आली तर माणूस अडतो, तिथे मेट्रोचे खांब कुठे रोवणार? उरली फक्त खालची वाट. कुलाब्यापासून सीप्झपर्यंतच्या मेट्रो ३ ला केंद्राची मंजुरी मिळाली २०१३ मध्ये. साडेतेहेतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्थानकं, त्यांतली सव्वीस जमिनीखाली.

डबा जोरात आपटतो. २०१८. तुम्ही मुंबईच्या पोटात आहात.

वीस-पंचवीस मीटर खोल, तुमच्या हिशेबाने बारा-चौदा परस. समोर लोखंडाची एक प्रचंड चकती फिरतेय, तोंडावर पोलादी चाकं बसवलेली. ती दगडावर दाबली जातात आणि कातळाचे पापुद्रे निघतात. दगडचुरा पट्ट्यावरून मागे जातो. यंत्र काही हात पुढे सरकलं की मागे काँक्रीटचे वाकडे तुकडे जोडून एक गोल कडं पुरं करतात, मग पुढचं. तुमच्याकडे आडाला कडी उतरवतात तसंच, फक्त आडवं. अशी सतरा यंत्रं शहराखाली सोडलीत आणि त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिलीत: कृष्णा, तापी, वैतरणा, तानसा, सूर्या, वैनगंगा. आणि गोदावरी. तुम्ही त्या नावावरून नजर फिरवता. ही गोदावरी कोरडी आहे आणि कोरडीच राहावी म्हणून पंप अखंड चालू आहेत, कारण दगडाच्या फटींतून पाणी झिरपतंय.

२४ सप्टेंबर २०१८ ला पहिलं यंत्र भिंत फोडून पलीकडे निघालं. असं बेचाळीस वेळा झालं, शेवटचं २०२२ च्या ३० नोव्हेंबरला. गिरगाव-काळबादेवीत स्थानकाएवढी पोकळी करायची होती आणि वर जुन्या चाळी उभ्या होत्या. काही इमारती पाडाव्या लागल्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना घरं सोडावी लागली. दूर उत्तरेला आरे वसाहतीत गाड्यांचं आगार हवं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरमधली एक रात्र तुम्हाला खालूनही ऐकू येते: करवती, घोषणा, पोलिसांच्या शिट्ट्या. दोन हजारांहून अधिक झाडं पडल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. मग आगार कांजूरमार्गला नेण्याचं ठरलं, सरकार बदललं आणि ते पुन्हा आरेत आलं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल गाडी सुरू झाली. २०२५ च्या १० मे पासून ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत येऊ लागली. सोळा दिवसांनी, २६ मे ला, पहिल्याच मोठ्या पावसात त्या चौकाच्या स्थानकात पाणी शिरलं. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. तोंड उघडं राहिलं की वरचं पाणी आत येणारच.

हिसका. तुम्ही वर, चिखलात उभे आहात. २९ ऑगस्ट २०२५, आझाद मैदान. ही माणसं तुम्ही ओळखता. दोन दिवसांपूर्वी, गणेश चतुर्थीला, ती मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी तुमच्याच गावातून मनोज जरांगे पाटलांबरोबर निघाली होती. पाऊस पडतोय. टेम्पोत भाकरी आहेत, खर्डा आहे. काहीजण सीएसएमटीच्या फलाटावर ओले टॉवेल वाळत घालतात. मैदानाशेजारी जमिनीखाली एक नवं स्थानक जवळजवळ तयार होऊन कुलुपात आहे. भुयारी गाडी अजून वरळीपर्यंतच येते. अंतरवालीची माणसं इथवर पोचली, मेट्रोला अजून सहा आठवडे लागायचे आहेत.

९ ऑक्टोबर २०२५. कुलूप निघालंय. तुम्ही कफ परेडला सरकत्या जिन्याने उतरता. पूर्ण प्रवासाचं तिकीट ७० रुपये. विधान भवन जातं. मग हुतात्मा चौक, जिथे संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या. मग सीएसएमटी, १८५३ च्या गर्दीत तुम्ही उभे होता त्याच टापूच्या खाली. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड आणि मग पाटी येते: जगन्नाथ शंकरशेट. नाना १७२ वर्षांनी जमिनीखाली भेटतात. अत्रे चौक, सिद्धिविनायक, धारावी. पुढे मिठी नदी डोक्यावरून जाते आणि डब्यातलं कुणीही मान वर करत नाही. तासाभराने आरे येतं आणि उजेड दिसतो.

डोळे दिपतात. समोर मामा यारीचा दांडा धरून उभे आहेत.

"कुठवर गेला होतात?"

"मुंबईच्या खाली."

"खडक कसा हाये तिथं?"

"हाच. काळा."

मामा मान हलवतात. त्यांना खरं विचारायचंय ते वेगळंच. खाली चौदाव्या परसाला अजून धूळ उडतेय आणि शेताचा मालक सकाळपासून तीनदा येऊन गेलाय.

"मग पाणी लागलं का त्यायला?"

"लागलं. जागोजाग लागलं."

"अन्‌ काय करतेत त्याचं?"

"पंप लावून उपसतात. बाहेर सोडून देतात."

मामा तुमच्याकडे बघत राहतात. मग विहिरीच्या काठावर थुंकतात, तार पुन्हा ताणतात आणि डबा खाली सोडतात.