लाल नटांचे चाक : देवळालीच्या तोफा ते नाशिकचा भंगार बाजार

१/ दुसऱ्या महायुद्धातील एखादा लष्करी ट्रक नाशिकच्या एखाद्या शेडमध्ये दुरुस्तीला येतो, तेव्हा इंजिनाइतकेच अडते ते चाक. ट्रकला बसेल असे चाक मिळतेही; पण ते त्या ट्रकचे नसते. असे का होते, हे कळण्यासाठी चाकाचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्याची सुरुवात तोफेपासून होते.

२/ बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव असते. एकोणिसाव्या शतकात तोफांसाठी याच चाकाची सुधारित रचना रूढ झाली. आऱ्यांची टोके मध्यभागी पाचरीसारखी एकमेकांना भिडवून धातूच्या दोन चकत्यांमध्ये आवळली जात. रणांगणावर मोडलेला आरा त्यामुळे बदलता येई.

३/ हेच ‘आर्टिलरी व्हील’ पुढे मोटारी आणि ट्रक यांच्याखाली आले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली, तोवर ट्रकमध्ये लाकडी आऱ्यांची जागा पोलादी चकती घेऊ लागली होती. १९३०च्या दशकात तोफा ओढण्याचे काम घोड्यांकडून मोटारींकडे गेले. वाढलेला वेग लाकडी चाकांना पेलेना. ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफांनाही हवेचे टायर बसवावे लागले.

४/ दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बांधली. त्यांतील फोर्ड आणि शेव्हरोलेचे ट्रक ब्रिटिश लष्कराच्या मागणीनुसार ठरलेल्या समान नमुन्याचे होते. हिंदी सैन्यानेही ते मोठ्या प्रमाणावर वापरले. याच नमुन्याचे खास ट्रॅक्टर २५ पौंडी तोफा ओढत. नाशिकजवळचे देवळाली हे तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे मोठे केंद्र असल्याने या यंत्रांचा इतिहास नाशिककरांना परका नाही.

५/ या ट्रकांचे वैशिष्ट्य चाकात होते. रिम एकसंध नसून दोन भागांची होती आणि ते भाग नट-बोल्टांनी जोडलेले असत. पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणाऱ्या लष्करी टायरच्या कडा फार ताठ असत. एकसंध रिमवर तो टायर पहारीने चढवणे कठीण. म्हणून रिमच उघडण्याची सोय केलेली होती.

६/ या सोयीत मोठा धोकाही होता. टायरमध्ये हवा असताना दोन भाग जोडणारे नट सैल केले, तर रिम स्फोटासारखी उडते. ट्रकपासून चाक काढण्याचे नट वेगळे आणि रिम उघडण्याचे वेगळे. हा फरक घाईतही कळावा म्हणून ब्रिटिश लष्करी पद्धतीत रिम उघडण्याचे नट लाल रंगाने रंगवीत. पुढे मूळ रंगावर नवा रंग चढत गेला आणि ती धोक्याची खूण पुसली गेली.

७/ युद्ध संपल्यावर हजारो लष्करी वाहने विक्रीस निघाली आणि नागरी मालवाहतुकीत शिरली. तीन टनी कॅनेडियन ट्रकचा टायर १०.५०-२० मापाचा. पुढे भारतीय ट्रकांत ९.००-२० आणि १०.००-२० ही मापे रूढ झाली. मूळ टायर मिळेनासा झाल्यावर ट्रकमालकांनी रिमही बदलल्या. सातपूरमध्ये टायरचा मोठा कारखाना असलेल्या नाशिकमध्येही आज त्या मापाचा टायर सहजासहजी मिळणार नाही, कारण कारखाना चालू मागणीवर चालतो.

८/ मोडीतल्या गाड्यांची चाके वायाही गेली नाहीत. आसासकट ती बैलगाडीखाली आली आणि लोक त्या गाडीला ‘डनलॉप’ म्हणू लागले. म्हणूनच जुन्या चाकाचा शोध गावच्या गोठ्यामागे आणि भंगारात घ्यावा लागतो. नाशिकमध्ये अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार अशा शोधाची जागा होता. २०१७ मध्ये महापालिकेने तेथे मोठी अतिक्रमण हटाव मोहीम राबवली. नियोजनाच्या दृष्टीने तिची कारणे होतीच. पण भंगार हलते तेव्हा यंत्रांचे सुटे पुरावेही विखुरतात.

९/ चाक सापडले तरी केवळ व्यास जुळून भागत नाही. बोल्टांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधले छिद्र, रिमची रुंदी आणि चाक किती आत-बाहेर बसते हे सारे जुळावे लागते. शिवाय दोन भागांची रिम गंजाने आतून पोखरलेली असेल, तर ती अस्सल असूनही रस्त्यावर नेणे जिवावर बेतू शकते. पहिला बळी जाईल तो टायरवाल्या कामगाराचा.

१०/ मग ‘मूळ’ कशाला म्हणायचे? केंद्र सरकारच्या २०२१च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुन्या वाहनाचे मूळ स्वरूप तपासताना चेसिस, बॉडी आणि इंजिन यांतील मोठ्या बदलांचा उल्लेख आहे. चाक त्या यादीत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फीवा’ या जागतिक महासंघाची २०१३ची ट्यूरिन सनद अधिक सूक्ष्म विचार करते. बदल कमीत कमी असावा, शक्य तेथे पूर्ववत करता यावा, नव्या भागावर ओळखीची कायमची खूण असावी आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आग्रह आहे.

११/ त्यामुळे निर्णयाचा क्रमही स्पष्ट होतो. मूळ रिम निर्दोष असेल तर ती वापरावी. नसेल तर त्याच काळातील, त्याच नमुन्याची शोधावी. तीही न मिळाल्यास नवी सुरक्षित रिम बसवून तिच्यावर साल कोरावे. तडा गेलेली मूळ रिम मात्र भंगारात न देता ट्रकसोबत जपावी आणि तिच्यावर चिठ्ठी लावावी.

१२/ बैलगाडीचा आरा बदलला म्हणून आजोबांची गाडी परकी होत नसे; कोणता आरा नवा, हे घरात सर्वांना ठाऊक असे. जुन्या ट्रकच्या बाबतीत हे ठाऊक असणे कागदावर उतरवावे लागते. नवे चाक जुने असल्याचे भासवले, तर पुढचा अभ्यासक फसतो. आणि लाल नट पुन्हा लाल रंगवले, तर इतिहास जपला जातो आणि पुढच्या कामगाराचा जीवही.