शुक्राणूंमधील डीएनए-हानी

शुक्राणूच्या डोक्यातील डीएनएचा एक किंवा दोन्ही पदर तुटणे म्हणजे शुक्राणूंमधील डीएनए-हानी. नेहमीच्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि ठेवण पाहतात. पदर तुटलेले आहेत की नाहीत, हे तीत कळत नाही. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ असूनही हानी असू शकते.

कारणे : शुक्राणू घडताना डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांची जागा बहुतांशी प्रोटॅमिने घेतात व डीएनए घट्ट आवळला जातो. ही बांधणी कच्ची राहिली किंवा ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला, की पदर तुटतात. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातील फुगलेल्या शिरा, धूम्रपान, जंतुसंसर्ग, तीव्र ताप, उष्णतेजवळचे काम आणि वाढते वय यांमुळे धोका वाढतो. परिपक्व शुक्राणू स्वतःची दुरुस्ती जवळजवळ करू शकत नाही. फलनानंतर स्त्रीबीज काही तुटी सांधते. स्त्रीचे वय वाढते तशी ही क्षमता घटते.

तपासणी : ‘एससीडी’ चाचणीत शुक्राणू काचपट्टीवर ॲगरोजच्या थरात बसवून आधी आम्ल आणि मग प्रथिने काढणारे द्रावण घालतात. धड डीएनएभोवती मोठे वलय पसरते. तुटलेल्याभोवती ते अगदी लहान असते किंवा नसतेच. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली काहीशे शुक्राणू मोजतात. ‘कॉमेट’ चाचणीत विद्युत्‌प्रवाहाने तुटके तुकडे शेपटासारखे बाहेर ओढले जातात. ‘टनेल’ चाचणीत तुटलेल्या टोकांना चमकणारी खूण जोडतात. डोनाल्ड इव्हेन्सन यांनी 1980 मध्ये मांडलेल्या पद्धतीतून विकसित झालेल्या ‘एससीएसए’मध्ये ॲक्रिडिन ऑरेंज रंग व फ्लो सायटोमीटर वापरतात. निष्कर्ष टक्क्यांत, ‘डीएफआय’ (डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स) म्हणून देतात. प्रत्येक चाचणीची मर्यादारेषा वेगळी असल्याने दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

मुंबईतील संदर्भ : घाटकोपरसारख्या उपनगरातून प्रयोगशाळेत नमुना नेताना वेळेला महत्त्व असते. घरी घेतलेला नमुना अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोहोचवावा लागतो, म्हणून प्रयोगशाळेतच नमुना देणे बरे. ‘एससीएसए’साठी मात्र गोठवलेला नमुना दूर पाठवता येतो.

उपयोग व मर्यादा : जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वीर्यतपासणी पुस्तिकेत डीएनए-हानीची चाचणी विस्तारित तपासण्यांत आहे. ती प्रत्येक जोडप्याला सरसकट सांगितली जात नाही. वारंवार गर्भपात होत असल्यास तिचा विचार होतो. अशा वेळी केवळ स्त्रीच्याच तपासण्या करत राहणे अपुरे ठरते. व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया, तंबाखू सोडणे व संसर्गावर उपचार यांनी हानी कमी होऊ शकते. ॲन्टिऑक्सिडंट गोळ्यांचा पुरावा कमकुवत आहे. शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून उपचारानंतरची फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी करतात.