परळचे माकड, कुन्नूरचा उंदीर आणि लाल गोळी

सरकारी दवाखान्यात तपासणीला गेलेल्या गर्भवतीच्या हातात लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी ठेवली जाते. यातल्या फॉलिक ॲसिडचे मूळ शोधत गेले, की वाट थेट परळच्या हाफकिन संस्थेत येते. तिथून पुढे दिसते ती खरी चकित करणारी गोष्ट. ज्या प्राण्यांनी शास्त्रज्ञांना या औषधाकडे नेले, त्यांतल्या निदान तिघांचे दुखणे माणसाच्या दुखण्यासारखे नव्हतेच. नमुना चुकला, पण औषध बरोबर सापडले.

पहिला मान कुत्र्यांचा. 1920 च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज व्हिपल कुत्र्यांचे रक्त काढून त्यांना रक्तक्षय आणत आणि कोणत्या अन्नाने ते लवकर सावरतात हे पाहत. यकृत, म्हणजे आपली कलेजी, सगळ्यांत सरस ठरली. त्यावरून बोस्टनच्या मायनट आणि मर्फी यांनी पर्निशस ॲनिमिया या रक्तक्षयाच्या रुग्णांना भरपूर कलेजी खाऊ घातली. 1926 साली त्यांनी जाहीर केले, की हा जीवघेणा आजार आटोक्यात येतो. 1934 चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. पण कुत्रे सावरत होते ते मुख्यतः कलेजीतल्या लोहामुळे. रुग्ण वाचत होते ते तिच्यातल्या ब-12 जीवनसत्त्वामुळे, आणि ते वेगळे काढायला 1948 उजाडले.

1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत, हाफकिन संस्थेत आली. गरीब गर्भवतींना, त्यातही मुस्लिम वस्त्यांतल्या बायकांना, एक विचित्र रक्तक्षय होत असे. रक्तपेशी कमी, पण आकाराने मोठ्या. चित्र पर्निशस ॲनिमियाचे, तरीही आजार तो नव्हे. विल्सने एस. एन. तळपदे यांच्यासोबत मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. भाजीपाला, फळे, मांस यांची वाण असलेल्या ताटावर तिचा संशय बसला.

मग तिने निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत तसाच निकस आहार पांढऱ्या उंदरांना दिला. माद्या रक्तक्षयाने खंगल्या, काही विण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट घातल्यावर रक्तक्षय टळला. कोडे सुटले असे वाटावे, तोच कळले की या उंदरांना उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला जंतूंची लागण होती. त्यांचा रक्तक्षय मुंबईच्या बायकांचा नव्हता.

आता वादाचा मुद्दा. विल्सची गोष्ट सांगताना आज बहुतेक जण एका माकडापासून सुरुवात करतात. हाफकिनमधले एक माकड अगदी मरणपंथाला लागले, त्याला मार्माइट चाटवले, ते टुणकन बरे झाले आणि मग बायकांना मार्माइट मिळाले, अशी ती कथा. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा खारट, काळपट अर्क. कथा गोड आहे, पण छापील क्रम तिच्या बाजूने बोलत नाही. बायका मार्माइटने बऱ्या झाल्याचा विल्सचा प्रसिद्ध लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जून 1931 मध्ये आला. माकडांमध्ये निकस आहाराने मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण केल्याचा, बिलिमोरिया यांच्यासोबतचा लेख 1932 चा. उंदरांवरचा लेख मात्र या दोन्हींच्या आधीचा.

लेखाची तारीख म्हणजे प्रयोगाची तारीख नव्हे, असा आक्षेप माकडाचे कैवारी घेतील. तो रास्त आहे. तरीही यीस्टचे सूत्र उंदरापाशीच सुरू होते आणि मार्माइट हा यीस्टचाच अर्क. बहुधा निकस आहाराने उंदरांची ताकद खचली, म्हणून जंतू वरचढ झाले, आणि यीस्टने ती ताकद परत आणली. म्हणजे उंदराने चुकीच्या कारणाने बरोबर डबा उघडून दिला. शिवाय मार्माइट स्वस्त होते आणि मांस न खाणारीलाही चालणारे होते.

म्हणून माकडाचे श्रेय कमी होत नाही, फक्त जागा बदलते. लंडनला परतल्यावर विल्सने क्लटरबक आणि इव्हान्स यांच्यासोबत माकडांवर काम चालू ठेवले. कलेजीचा कच्चा अर्क दिला की माकड सुधारे, पर्निशस ॲनिमियावर चालणारा शुद्ध केलेला अर्क दिला तर सुधारत नसे. अर्थ उघड होता. कलेजीत रक्त वाढवणारे दोन निरनिराळे पदार्थ आहेत आणि शुद्धीकरणात त्यांतला एक निघून जातो. हे 1937 साली छापून आले. त्या हरवणाऱ्या पदार्थाला ‘विल्स घटक’ हे नाव पडले. वाट दाखवली उंदराने, पुरावा दिला माकडाने.

अर्थात या पदार्थावर हक्क सांगणारे आणखी होते. अमेरिकेत पॉल डे यांनी माकडांतल्या रक्तक्षयावरून ‘जीवनसत्त्व एम’ मांडले. तिथेच कोंबडीच्या पिल्लांवरून ‘जीवनसत्त्व बी-सी’ आले. दुधातले जीवाणू वाढवणारा घटक तिसऱ्यांनी शोधला. 1941 मध्ये टेक्सासमध्ये चार टन पालकातून एक आम्ल काढले गेले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले गेले. सगळे दावेदार एकाच घराच्या दारात उभे होते. 1945 पर्यंत लेडरले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवले.

तिसरा चुकीचा प्राणी इथे भेटतो. न्यूयॉर्कमध्ये फॉलिक ॲसिडच्या एका भाऊबंदाने स्तनांच्या गाठी झालेल्या लहान जातीच्या उंदरांना गुण आल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावरून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अशीच संयुगे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिली. रोग उलट भडकल्यासारखा दिसला. फार्बर यांनी त्यातून धडा घेतला, की फॉलिक ॲसिड रोगाला पोसत असेल, तर त्याचा मारेकरी हवा. सुब्बारावांच्या गटाने ॲमिनोप्टेरिन पुरवले. 1948 मध्ये फार्बर यांनी कळवले, की 16 पैकी 10 मुलांमध्ये रोग काही काळ मागे हटला. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आज कर्करोगापासून संधिवातापर्यंत वापरले जाते.

या तिन्ही वेळी प्राण्यावर कोणी आंधळा विश्वास टाकला नाही. पुढचा प्रयोग माणसाच्या खाटेपाशी झाला आणि निकाल उलटा आला तर तो मान्य केला गेला. प्राण्यांवरचे प्रयोग हवेत की नकोत असा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही पायरी विसरू नये.

शेवटची साक्ष माणसांचीच आहे. मेंदूमज्जेत जन्मजात व्यंग असलेल्या बाळाला आधी जन्म दिलेल्या मातांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मोठी चाचणी घेतली. 1991 च्या निकालानुसार, रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने हे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती बाळाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचे कळण्याआधीच. म्हणून मूल हवे असेल, तर फॉलिक ॲसिडसाठी पाळी चुकण्याची वाट पाहू नका. निदान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून ते सुरू करा.