होम मॅच कोणाची?

"अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमाचे स्थळ बदलण्यात आले आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी." सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला हे वाक्य तोंडपाठ असते. शिबिर असो, बैठक असो की जुन्या सामानाचा लिलाव, मीही ते कितीतरी वेळा टंकित केले आहे. हे वाक्य नीट वाचले तर त्यात तीन गोष्टी सापडत नाहीत. कारण कोणते ते नसते. बदल कोणी ठरवला ते नसते. आणि मूळ जागी परत कधी येणार, तेही नसते.

फुटबॉलची 'होम मॅच' दुसऱ्या गावच्या मैदानावर हलवली की चाहते एवढे का चिडतात, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. विचारणारे बहुधा फुटबॉल न पाहणारे असतात. "मैदान ते मैदान, दोन गोलपोस्ट तिकडेही असतातच ना?" असे त्यांचे म्हणणे. त्यांना वाटते ही तक्रार अंतराची आहे, बसभाड्याची आहे. अंतर आहेच, पण जुनी-नवी उदाहरणे चाळून पाहिली तर चाहत्यांचे भांडण नेहमी त्या नोटिशीत नसलेल्या तीन गोष्टींशी असते, असे दिसते.

आधी थोडा इतिहास. 'घरचा सामना' ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची. इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळायचे असे ठरले. आपल्या देशात मात्र कित्येक दशके स्पर्धा म्हणजे एका गावी भरणारी जत्रा होती. रोव्हर्स कप मुंबईच्या कूपरेजवर, बांदोडकर ट्रॉफी आपल्या गोव्यात. संघ यायचे, खेळायचे, जायचे. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि त्यानंतर आपल्याकडच्या प्रेक्षकाला 'आमचे मैदान' आणि 'त्यांचे मैदान' यांची सवय लागली. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांच्या सामन्यांना फातोर्ड्याला जायचे म्हणजे काय, हे माझ्या पिढीला तेव्हा कळले. १९८९ साली सुरू झालेल्या त्या स्टेडियमची कुठली बाजू उन्हाची, कुठल्या फाटकावर गर्दी कमी, सामना संपल्यावर पणजीची शेवटची बस गाठायला कितव्या मिनिटाला उठावे लागते, हे सारे अंगवळणी पडले. घर म्हणजे आणखी काय असते?

आता मुंबईचे उदाहरण घेऊ. २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी कूपरेजवर खेळायचा. पुढे कूपरेजचे नूतनीकरण निघाले आणि या क्लबाचे घरचे सामने पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात गेले. संघाचे नाव मुंबई आणि घर दीडशे किलोमीटरवर, घाट चढून मुंबईकर आपल्याच संघाचा पाहुणा! तरीही या बदलाला कारण होते आणि अंतही होता. मैदान तयार झाल्यावर क्लब कूपरेजवर परतला.

दुसरे उदाहरण मुंबई सिटीचे. २०२३ साली हा क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला. त्याचे नेहमीचे अंधेरीचे मैदान त्या स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हते, म्हणून घरचे सामने पुन्हा बालेवाडीला. पहिला सामना होता १८ सप्टेंबर २०२३ ला, इराणच्या नस्साजी माझंदरान संघाशी. वार सोमवार, आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी! चवथीच्या आदल्या संध्याकाळी मुंबईच्या माणसाने घरची माटोळी, मखर सोडून पुण्याला जायचे आणि रात्री परत यायचे, हे कॅलेंडर ज्याच्या भिंतीवर आहे असा कोणी ठरवील का? सामना आशियाई महासंघाच्या वेळापत्रकातला. तिथे चवथ नसते. मुंबई सिटी तो सामना ०-२ असा हरली. पुढे नोव्हेंबरात सौदी अरेबियाचा अल हिलाल संघ आला तेव्हा मात्र सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. म्हणजे घराच्या थोडे जवळ आणता येत होते तर!

अंतर कोणाला मोजावे लागते हाही एक प्रश्न आहे. माझे एक मावसभाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे मध्य प्रदेशात बालाघाटला होते. तिथल्या मराठी माणसाला मोठा सामना बघायचा तर गोंदियामार्गे नागपूर गाठायचे. क्रिकेटचे जुने मैदान सिव्हिल लाइन्समध्ये, शहराच्या पोटात, रेल्वे स्टेशनपासून फार दूर नाही. २००८ साली विदर्भ क्रिकेट असोसिएशनने वर्धा मार्गावर जामठ्याला नवे भव्य स्टेडियम उभारले आणि मोठे सामने तिकडे गेले. जागा मोठी, सोयी उत्तम, यात वाद नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली, सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी, आणि तरीही रिकाम्या खुर्च्यांचीच चर्चा अधिक झाली. मोटार असलेल्या नागपूरकराला जामठा म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाची गोष्ट. बालाघाटहून रेल्वेने येणाऱ्याला स्टेशनवर उतरल्यावर आणखी एक प्रवास, आणि परतीची गाडी चुकायची भीती. स्थळ बदलण्याचा हिशेब शहराच्या मध्यापासून करतात. जो आधीच दूरवरून येतो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

वाचकहो, आपण गोवेकरांनी याची दुसरी बाजूही पाहिली आहे. कोविडच्या काळात, नोव्हेंबर २०२० पासून, इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यात झाले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान, या तीन जागी अकरा क्लब. पुढचा मोसमही इथेच. कागदोपत्री एक संघ 'होम', दुसरा 'अवे', प्रत्यक्षात दोघेही गोव्याच्या हॉटेलात. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची लढत म्हणजे कोलकात्याचा शंभर वर्षांचा संसार, पण सुपर लीगमधली त्यांची पहिली डर्बी २७ नोव्हेंबर २०२० ला झाली ती वास्कोत. बागानने ती २-० अशी जिंकली. बाहेर रस्त्यावर वास्कोकर, आत रिकाम्या पायऱ्या. ना कोलकातेकरांना ती मिळाली, ना आपल्याला.

पण कोणी मोर्चा काढला का? नाही. कारण साथ सर्वांच्या दारात होती आणि सगळ्यांवर सारखीच होती. आणि २० मार्च २०२२ ला अंतिम सामन्यासाठी फातोर्ड्याची दारे उघडली तेव्हा केरळातून हजारो लोक रेल्वेने, बसने, मोटारसायकलने आले. केरळ ब्लास्टर्सचा पिवळा रंग त्या दिवशी हैदराबादच्या वाट्याला गेला, केरळचा संघ काळ्या पोशाखात उतरला, तरी प्रेक्षकांत पिवळा समुद्र होता. केरळ पेनल्टीवर हरले. आपले घर सोडून परक्या गावी येणे चाहत्याला जड जात नाही, हे त्या दिवशी मडगावच्या रस्त्यांवर सर्वांनी पाहिले. मग तक्रार नेमकी कशाची असते?

त्याचे उत्तर कोलकात्याने दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येने शहर पेटले होते. १८ ऑगस्टला ड्युरँड कपमधली मोहन बागान-ईस्ट बंगाल लढत होती. पोलीस बंदोबस्त पुरेसा देता येणार नाही म्हणून ती रद्द झाली आणि कोलकात्याचे पुढचे सामने बाहेर हलवायचे ठरले. त्या संध्याकाळी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही क्लबांचे चाहते, त्यांच्याबरोबर मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले. पीडितेला न्याय आणि आमचा खेळ परत, अशा दोन्ही मागण्या एकाच गर्दीत. त्यांना आवरायला पोलीस आले, लाठ्याही चालल्या. सामन्याला पोलीस नाहीत, पण सामना मागणाऱ्यांसाठी आहेत, हे लोकांच्या डोळ्यांत भरले. बागानचा उपांत्यपूर्व सामना जमशेदपूरला झाला, पण उपांत्य आणि अंतिम सामना पुन्हा कोलकात्यात आले. तरीही पुढच्याच जानेवारीत, ११ जानेवारी २०२५ ला, गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे बागानची घरची डर्बी गुवाहाटीला गेली. कोलकात्यापासून सुमारे हजार किलोमीटर! गंगासागर मेळा दरवर्षी मकरसंक्रांतीला भरतो, तो काही अचानक उगवत नाही. कारण खरे असले तरी ते आधीच दिसत होते, आणि चाहत्यांना राग येतो तो इथे.

परतीची तारीखच नसली तर काय होते, याचे उदाहरण लंडनचे आहे. विम्बल्डन एफसी हा १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा क्लब. १९९१ मध्ये त्याने प्लाऊ लेन हे आपले मैदान सोडले आणि दुसऱ्याच्या मैदानात बिऱ्हाड केले. तात्पुरते म्हणत अकरा वर्षे गेली. मे २००२ मध्ये एका समितीने क्लबाला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहत्यांनी काय केले? त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला गावच्या माळावर चाचणी ठेवली, दोनशेहून अधिक पोरे आली. तळाच्या पायरीपासून सुरुवात करून २०११ मध्ये हा क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोचला. जुन्या क्लबाच्या ट्रॉफ्या २००७ साली विम्बल्डन ज्या भागात येते त्या मर्टनच्या नगरपालिकेकडे परत आल्या. आणि ३ नोव्हेंबर २०२० ला क्लब प्लाऊ लेनवर परतला. दैव असे की साथीमुळे त्या सामन्याला प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.

हे सगळे वाचताना गोव्याच्या माणसाला काही आठवते का? तुलना मोठी आहे हे मला मान्य आहे, देव आणि खेळ यांची बरोबरी मी करत नाही. पण सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. साडेचारशे वर्षांनंतरही घराघरांत मूळ गावाची आठवण आहे. वेर्ण्याला मूळ जागी म्हाळसेचे देऊळ पुन्हा उभे राहिले तेही आपल्याच काळात. स्थळ बदलले तरी मूळ जागेचा हक्क विसरायचा नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

हक्काची भाषा कधी कधी जिंकतेही. व्हिलारेयाल आणि बार्सिलोना यांचा स्पेनच्या लीगमधला सामना २० डिसेंबर २०२५ ला अमेरिकेत मायामीला न्यायचा बेत होता. कारण उघड होते, पैसा. चाहत्यांच्या संघटनांनी विरोध केला, खेळाडूंनी सामन्यांच्या सुरुवातीला काही सेकंद मैदानावर निश्चल उभे राहून निषेध केला, आणि ऑक्टोबरात तो बेत सोडून द्यावा लागला.

आपल्याकडे मात्र वेगळेच घडले. २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी देशाच्या फुटबॉलच्या नव्या मांडणीचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपोही बाहेर पडला. तो परत यायला २०२४-२५ चा मोसम उजाडला. इथे सामना दुसऱ्या गावी गेला नाही. मैदान जागच्या जागी राहिले आणि घरचे क्लबच उठून गेले. एफसी गोवा आहे, फातोर्डा भरते, आनंद आहे. पण ज्या प्रेक्षकाने धेंपोसाठी उन्हात दुपारी घालवल्या, त्याला विचारायला कोणी आले नव्हते.

असो. क्लब मालकाचा असतो, स्टेडियम सरकारचे, वेळापत्रक महासंघाचे, प्रक्षेपण वाहिनीचे. प्रेक्षकाच्या नावावर एकही कागद नाही. 'घरचा' हा शब्द मात्र त्याच्यामुळेच आहे. तो नसला की काय उरते, ते दोन मोसम बांबोळीच्या रिकाम्या पायऱ्यांनी दाखवले. म्हणून सामना हलवावा लागला तर जरूर हलवा. मैदान दुरुस्त करायचे असते, साथ येते, पोलीस कमी पडतात. पण नोटिशीत तीन ओळी वाढवा: कारण काय, ठरवले कोणी, आणि परत कधी. कागद तयार करणाऱ्या कारकुनाला त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.