माणसाच्या नीतीवर विश्वातले त्याचे भवितव्य अवलंबून आहे का?

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यादवकाळातले आहे. मधोमध शिव आणि चार कोपऱ्यांत विष्णू, गणेश, पार्वती व सूर्य यांची छोटी देवळे, अशी त्याची पंचायतन रचना आहे. यादवांची राजधानी पुढे सिन्नरहून देवगिरीला गेली आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची सत्ताही संपली. देऊळ मात्र उभे आहे. एखादी संस्कृती किती काळ टिकते, हा प्रश्न इतिहासाइतकाच खगोलशास्त्राचाही आहे. त्याच्या उत्तरात नीतीला महत्त्वाची जागा आहे.

विश्वाला नीती कळते का?

भारतीय परंपरेत याचे उत्तर बहुधा होकारार्थी आहे. ऋग्वेदातील ‘ऋत’ ही कल्पना निसर्गाची सुव्यवस्था आणि सदाचार यांना एका सूत्रात बांधते. कर्मसिद्धांतानुसार प्रत्येक कृतीचे फळ मिळतेच.

आधुनिक भौतिकशास्त्राला असे सूत्र सापडलेले नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला आणि त्यानंतर डायनासोर नामशेष झाले. त्यात कोणाच्या पापपुण्याचा संबंध नव्हता. गुरुत्वाकर्षण सज्जन आणि दुर्जन असा भेद करत नाही.

मग नीतीचा संबंध कुठे येतो?

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी 1961 मध्ये एक समीकरण मांडले. आपल्या आकाशगंगेत संपर्क साधू शकणाऱ्या संस्कृती किती असतील, याचा अंदाज घेण्यासाठी त्यात सात घटकांचा गुणाकार केला जातो. ताऱ्यांच्या जन्माचा वेग आणि ग्रहांचे प्रमाण हे घटक निसर्ग ठरवतो. शेवटचा घटक ‘एल’ वेगळा आहे. तो म्हणजे अशी संस्कृती संदेश पाठवण्याच्या अवस्थेत किती वर्षे टिकते, तो काळ.

माणसाला रेडिओ तंत्रज्ञान येऊन सव्वाशे वर्षेच झाली आहेत. तेवढ्यात अण्वस्त्रेही आली आणि हवामानबदलही. या संकटांत आपला ‘एल’ किती वाढेल, हे तंत्रज्ञानाइतकेच परस्पर विश्वास, संयम आणि पुढच्या पिढ्यांची काळजी यांवर ठरते. ओझोनचा थर वाचवण्यासाठी 1987 मध्ये झालेला माँट्रियल करार हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांचा वापर देशांनी टप्प्याटप्प्याने थांबवला आणि आता तो थर सावरतो आहे.

परक्या जीवांबाबत आपली काही जबाबदारी आहे का?

आहे, असे आंतरराष्ट्रीय कायदाही काही अंशी मानतो. 1967 च्या अवकाश करारानुसार चंद्र आणि इतर खगोलांचे घातक प्रदूषण टाळणे देशांवर बंधनकारक आहे. कॅसिनी यान 2017 मध्ये मुद्दाम शनीच्या वातावरणात नष्ट करण्यात आले. यानासोबत गेलेले पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव एन्सेलाडस किंवा टायटन या उपग्रहांवर पोहोचू नयेत, हे त्यामागचे कारण होते. तिथे जीवसृष्टी आहे की नाही हे ठाऊक नसतानाही ही काळजी घेतली गेली.

सिन्नरपर्यंत आलेला प्रश्न

सिन्नरहून पुण्याच्या रस्त्याने गेल्यावर नारायणगावजवळ खोडद लागते. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी अतिशय क्षीण असतात. त्यामुळे परिसरातील विजेची उपकरणे आणि वाहतूक यांचा तिला त्रास होऊ शकतो.

पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या मूळ आखणीत सिन्नर, संगमनेर आणि नारायणगाव होते. दुर्बिणीच्या निरीक्षणांत अडथळा येईल, या कारणाने त्या मार्गावर आक्षेप आला आणि रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. रेल्वेची वाट पाहणाऱ्या गावांसाठी ही बाब क्षुल्लक नाही. सगळ्या जगाच्या उपयोगाच्या ज्ञानासाठी एका पट्ट्यातील लोकांनी किती किंमत मोजायची, आणि ती भरून कोणी द्यायची, हा नीतीचाच प्रश्न आहे.

थोडक्यात, चांगुलपणाचे बक्षीस विश्व देईल असा पुरावा नाही. मात्र माणूस विश्वात किती काळ टिकेल आणि इतरांशी कसा वागेल, हे ठरवणारे बरेचसे निर्णय त्याचे स्वतःचे आहेत. असे प्रश्न न्यायाने सोडवण्याची सवय त्या निर्णयांत कामी येते.