बारीक गोळीची गजशिकार

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत हत्तीच्या मागे जाणाऱ्या युरोपीय शिकाऱ्याजवळ जी ठासणीची बंदूक असे, तिला लहानशी तोफ म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. कारण काळ्या दारूने शिशाच्या गोळीला फारसा वेग येत नसल्यामुळे ती उणीव वजनाने भरून काढण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि म्हणून पाव पौंडाची गोळी फेकणारी हत्यारेही प्रचारात होती. सर सॅम्युएल बेकर यांनी तर अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी बंदूक बाळगून तिचे नाव 'बेबी' ठेवले होते. पण हे बाळ इतके द्वाड निघाले, की खुद्द धनीही ते उडविण्यास फारसे धजत नसत.

१८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली आणि सारा हिशेबच पालटला. पुढील दशकात निघालेल्या ७ मिलिमीटरच्या माउझर रायफलीची गोळी अवघी ११ ग्रॅमांची, परंतु लांबट, कठीण धातूने मढविलेली आणि सेकंदाला सुमारे ७०० मीटर धावणारी होती. ती निर्माण झाली होती फौजेसाठी.

तिने हत्ती मारण्याचा उद्योग वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने युगांडाच्या ईशान्येकडील कारामोजा मुलुखात आरंभिला. त्याने हत्तीचे मस्तक करवतीने उभे चिरवून आतील रचना न्याहाळली. त्या अवाढव्य मस्तकाचा बराच भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाचा असून मेंदू मात्र पार मागे, खालच्या अंगास दडलेला असतो. तेव्हा कवटीत दणका किती मोठा बसला यापेक्षा गोळी न वाकता, न फुटता तिथवर सरळ पोहोचली की नाही, यावरच सर्व काही अवलंबून असते. समोरून, बगलेने, इतकेच काय, पाठीमागून तिरक्या रोखाने मानेच्या स्नायूंतून मेंदू कसा गाठावा, याचे गणित त्याने बसविले. हलकी रायफल मैलोगणती चालतानाही जड होत नसे, खांद्याला दणका बसत नसल्याने नेम चळत नसे, आणि जर्मन काडतुसे सहसा दगा देत नसत. त्याच्या नावावरील १,०११ हत्तींपैकी बहुतांश याच बारीक गोळीने पडले. यात शौर्याइतकाच हस्तिदंताच्या व्यापाराचा रोकडा हिशेब होता, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये.

आपल्याकडे जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीबद्दल १९०७ साली बक्षीस मिळालेली रिग्बी रायफल हीच काडतुसे घेणारी होती, आणि रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ साली तिनेच पडला. पण बिबट्याची गोष्ट निराळी आणि हत्तीची निराळी.

बेलने पाडलेल्या हत्तींची मोजदाद झाली. त्याचे अनुकरण करून अर्धवट घायाळ केलेल्यांची कोण करणार? परवाना देणाऱ्या अंमलदाराला नळीचा व्यास मोजता येतो, शिकाऱ्याच्या हाताची स्थिरता नव्हे. म्हणून पुढे आफ्रिकेतील अनेक मुलुखांच्या शिकारविषयक कायद्यांनी हत्तीसाठी ०.३७५ इंच वा त्याहूनही मोठी किमान मर्यादा घातली, ते मला रास्तच वाटते. त्या कायद्यांखाली खुद्द बेललाही आपली माउझर घेऊन हत्तीच्या वाटेस जाण्याची मुभा मिळाली नसती.